ठेवणीतलं नाव

पारन: म्हणजे वरच्या कप्प्यात ठेवायचं नाही, सीटखाली सरकवायचं नाही, मांडीवरच घेऊन बसायचं. मीरीच्या विमानतळावर ह्या विमानात चढल्यापासून बघतोय. त्या बोचक्यात आहे तरी काय, चर्चची घंटा?

सुपांग: मीठ आहे. सांगितलं ना एकदा.

पारन: आपल्या खाऱ्या झऱ्याचं मीठ पानात बांधलं की दगडासारखं लागतं हाताला. हे मऊ लागतं.

सुपांग: म्हणजे चाचपून झालं तुमचं. मी जरा डोळा मिटला तेवढ्यात.

पारन: विमान हललं म्हणून हात लागला.

सुपांग: विमान हललं की माणूस खुर्ची धरतो, बायकोचं बोचकं नाही धरत.

पारन: विषय बदलू नकोस. सकाळी आपल्या बारिओला त्या छोट्या विमानात चढायच्या आधी काट्यावर उभी राहिलीस, तेव्हापासून हे छातीशी धरलंयस. काट्यावरचा माणूस म्हणाला, वजन जास्त होतंय, काहीतरी ठेवून जा. तर तू काय ठेवलंस? तांदूळ. मग अननस. शेवटी पायातले बूट काढून दिलेस त्याला. पोटच्या पोरीच्या पदवीदानाला चपला घालून निघालीस, पण बोचकं काही सुटलं नाही.

सुपांग: बूट चावतच होते.

पारन: दर रविवारी चर्चला घालून जातेस तेव्हा बरे चावत नाहीत.

सुपांग: चर्चमध्ये बसायचं असतं, इथं चालायचंय. हे विमान उतरलं की विमानतळावरची गाडी, ती सोडून दुसरी गाडी, मग विद्यापीठाचं स्टेशन. पोरीनं सगळं समजावून सांगितलंय फोनवर.

पारन: मग हेही समजावलं असेल, की ती स्वतः विमानतळावर का येत नाही. चार वर्षं झाली तिला इकडं येऊन. आपण पहिल्यांदाच समुद्र ओलांडतोय. लोक पाहुण्याच्या कुत्र्यालासुद्धा घ्यायला येतात.

सुपांग: तालीम आहे समारंभाची. टोपी कशी घालायची, कुठून चढायचं, कुठून उतरायचं.

पारन: टोपी घालायची तालीम. बरं. आणि खोलीवर येऊ नका, स्टेशनातच भेटू, तिथूनच पाहुण्यांच्या खोलीवर जाऊ, ही कशाची तालीम?

सुपांग: मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना सोडत नाहीत.

पारन: तुला सोडतात ना?

सुपांग: पाणी प्या जरा. घसा कोरडा पडलाय तुमचा.

पारन: बघ, उत्तर नसलं की तू मला पाणी पाजतेस. लग्नापासूनची खोड आहे तुझी.

सुपांग: आणि तुमची खोड मी सांगू का? मघाशी मीरीला खिडकीतली बाई गालिह, गालिह म्हणून घसा फोडत होती, आणि तुम्ही आपले पुढच्या माणसाकडं रागानं बघताय, हा गालिह उठत का नाही म्हणून. रांग खोळंबली सगळी.

पारन: गालिहला मरून किती वर्षं झाली. मी पारन आहे.

सुपांग: कार्डावर गालिहच आहे अजून. पोरगी झाली, तुमचा पारन झाला, माझी सुपांग झाली, ते गावानं जेवणावळीत ऐकलं. सरकार थोडंच जेवायला आलं होतं.

पारन: आता कशी मुद्द्यावर आलीस. नावाचंच बोलतोय मी. तिकडं शिकणारा आपल्या गावचा लुकास सुट्टीला आला तेव्हा चर्चच्या पायरीवर उभा राहून काय म्हणाला? तुमच्या मार्लिनाला तिकडं सगळे बुलान म्हणतात. सगळ्या गावासमोर म्हणाला.

सुपांग: त्या लुकासच्या तोंडात तीळ भिजत नाही.

पारन: नसेल भिजत. पण तीळ आला कुठून? मला सांग, आपल्यात माणसाचं नाव कधी बदलतं?

सुपांग: तुम्हाला माहीत आहे.

पारन: तुझ्या तोंडून ऐकायचंय.

सुपांग: पहिलं मूल झालं की.

पारन: आणि परत कधी?

सुपांग: पहिलं नातवंड झालं की.

पारन: तिसरं काही कारण आहे?

सुपांग: नाही.

पारन: झालं तर मग.

सुपांग: काय झालं तर मग? शहरातली पोरं एकमेकांना काहीही हाका मारतात. आपल्या पाद्रीबुवांच्या पोराला इथं म्हणे ढोल म्हणायचे.

पारन: ढोल निराळं. बुलान निराळं. बुलान हे गमतीत म्हणायचं नाव नाही आणि ते तुलाही ठाऊक आहे. बरं, नाव सोड. गेल्या सुट्टीत घरी का आली नाही?

सुपांग: अभ्यास होता.

पारन: परीक्षा संपल्यावर? फोनवर तोंड दाखवायची, ते बंद का केलं?

सुपांग: फोन पडला होता तिचा.

पारन: लुकासला ती इस्पितळाच्या दारात दिसली, बायकांच्या वॉर्डातून बाहेर येताना. सैल झगा आणि हात पोटावर. आता म्हण, पोट दुखत असेल.

सुपांग: दुखत असेल.

पारन: सुपांग, धूर दिसतो तिथं चूल असते. मला मूर्ख बनवू नकोस. त्या शेजारच्याला आजोबा होऊन वर्ष झालं नाही, पुन लिआन झालाय तो आता, मिशीला तेल लावून फिरतो. रोज कुंपणापाशी येऊन विचारतो, काय पारन, अजून बापच का? आता तोच काय म्हणतो ठाऊक आहे? म्हणतो, तू आजोबा झालास वाटतं, गावाला सांगायचं राहिलं का?

सुपांग: पट्टा बांधा. खाली उतरतंय.

पारन: मी पट्टा सोडलाच नव्हता.

*

सुपांग: उठा, अहो, उठा इथून. सगळ्या बायका बघतायत तुमच्याकडं.

पारन: बघू देत. तिकीट आहे माझ्याकडं.

सुपांग: हा गुलाबी डबा बायकांचा आहे. त्या मघाच्या गाडीत नव्हतं तसं, ह्या गाडीत आहे. दारावर चित्र काढलंय एवढं मोठं.

पारन: असं का. म्हणजे मी पुढच्या डब्यात जायचं आणि तू इथं निवांत बसायचंस, बोचक्याशी गप्पा मारत.

सुपांग: मीही येते तुमच्याबरोबर. चला, हात जोडते, चला.

पारन: इथं बस. खिडकीशी बस. आता सोड ती गाठ.

सुपांग: लोकांत?

पारन: लोकांना आपली भाषा कळत नाही.

सुपांग: भाषा कळत नसेल, डोळे तर आहेत त्यांना.

पारन: सुपांग, मी सरळ विचारतोय. पोरगी तुला काहीतरी बोललीय. तुम्ही दोघींनी मिळून मला इथवर आणलंय, आणि स्टेशनावर उतरलो की एक जावई आणि एक गाठोडं माझ्यापुढं धरणार. तसं असेल तर आत्ताच सांग. मी पुढच्या स्टेशनावर उतरतो.

सुपांग: असं काही नाही. ती मला एका शब्दानं बोललेली नाही.

पारन: मग सोड गाठ.

सुपांग: घ्या. बघा. झालं समाधान?

पारन: ही झोळी.

सुपांग: हो.

पारन: ही मार्लिनाची झोळी. तुझ्या आईनं मणी ओवलेली. हिच्यात पोरीला पाठीशी बांधून शेतावर न्यायचीस तू. माळ्यावर टाकली होती ना?

सुपांग: दोरा कुजला होता. मी नवीन दोऱ्यात ओवली सगळी. तीन मणी हरवले, त्यांच्या जागी माझ्या मण्यांच्या टोपीतले घातले.

पारन: कधी केलंस हे?

सुपांग: तुम्ही डुकराच्या मागं जंगलात गेला होतात तेव्हा.

पारन: तिनं मागवली.

सुपांग: नाही हो. तिला पत्ताच नाही. मीच आणली.

पारन: आणि वर मलाच सांगत होतीस, पोट दुखत असेल.

सुपांग: मग काय करू, तुमच्या आगीत तेल ओतू? तुम्हाला वाटतं संशय घ्यायची अक्कल तुम्हालाच आहे. पोरगी सुट्टीत येत नाही. फोनवर आवाज असा की विहिरीतून आल्यासारखा. मध्ये एकदा म्हणते, आई, सामान कमी आणा, मला जड उचलायला मनाई आहे. बाईमाणसाला जड उचलायची मनाई कधी करतात, ते मला कळायला लुकास लागत नाही.

पारन: आणि हे तू मला आत्ता सांगतेस.

सुपांग: आधी रागच आला मला. लग्न नाही, काही नाही, आणि आईला पत्ता नाही. दोन दिवस जेवले नाही. तुम्हाला वाटलं दात दुखतोय. मग तिसऱ्या दिवशी माळ्यावर चढले, ही झोळी खाली काढली, धूळ झटकली, आणि बघते तर मी आपली हसतेय. एकटीच. काय करू? मला आनंदच झाला होता.

पारन: मला नाही झाला.

सुपांग: खोटं. गेले पंधरा दिवस तुम्ही झोपेत काहीतरी पुटपुटता. पुन अमुक, पुन तमुक. आजोबाचं नाव निवडताय तुम्ही.

पारन: झोपेतल्या बोलण्याचा दाखला देऊ नये.

सुपांग: मग जागेपणी सांगा. कसला एवढा राग आहे? लग्नाआधी मूल झालं म्हणून? गावात काय हे पहिल्यांदाच होतंय? पोरगा कोण आहे बघू, चर्चमध्ये उभं करू, वर्षभर लोक बोलतील, मग दुसऱ्याचं बोलायला लागतील.

पारन: त्याचा राग आहेच. पण ते निस्तरता येतं. नावाचं काय?

सुपांग: काय नावाचं?

पारन: बुलान माझ्या आईचं नाव. म्हणजे ती आई झाल्यावरचं. आई गेली तेव्हापासून त्या नावानं मी कुणालाही हाक मारली नाही. ठेवणीत ठेवलं होतं मी ते, मार्लिनासाठी. लहान होती तेव्हा एकदा तिला सांगितलंही होतं. म्हटलं, तुला बाळ झालं की सगळं गाव जेवायला बोलावीन, आणि उभा राहून मोठ्यानं हे नाव तुला देईन. ती म्हणाली, आत्ताच द्या. म्हटलं, नाही, थांबायचं.

सुपांग: हे मला नव्हतं माहीत.

पारन: बापलेकीतलं होतं. आणि तिनं काय केलं? परक्या गावात, ना जेवणावळ, ना गाव, ना बाप, आपलं आपणच उचलून घेतलं. मूल काय, कुणीही मांडीवर घेईल. ते नाव देणं माझं एकट्याचं होतं, सुपांग. तेवढं एकच होतं माझ्यापाशी तिला द्यायला. दुसरं काय आहे माझ्याकडं? भात आणि अननस.

सुपांग: तिला विचारू आपण.

पारन: विचारणार ना. एकदाच विचारणार. ती मूल घेऊन पुढं आली आणि बुलान म्हणा म्हणाली, तर मी त्याच फलाटावरून परत फिरणार. तू रहा, टोपी बघ, टाळ्या वाजव. मी परत तिचं तोंड बघणार नाही.

सुपांग: असलं बोलू नये प्रवासात.

पारन: बोललो. आता ती झोळी गुंडाळ. लोक बघतायत.

सुपांग: आता बघतायत होय. हे बघा, हिरवी पाटी आली. हेच स्टेशन ना? वाचा जरा.

पारन: हेच आहे.

सुपांग: ती बघा. खांबाजवळ उभी आहे. एकटीच आहे हो.

पारन: मूल ठेवलं असेल कुणाकडं तरी.

*

मार्लिना: आई. आई गं. अगं, पायात चपला का? बूट कुठं गेले तुझे?

सुपांग: काट्यावर राहिले. किती वाळलीस गं तू. हाडं लागतायत.

मार्लिना: बाबा, या ना. पुढची बस आत वसतिगृहांकडं जाते, आपण तिच्यानं जाऊ. दमलात?

पारन: तुला हाक काय मारू? मार्लिना म्हणू, का आणखी काही म्हणायचं असतं इथं?

मार्लिना: लुकास बोलला वाटतं.

पारन: कुठं आहे?

मार्लिना: कोण?

पारन: मूल.

मार्लिना: कुणाचं मूल, बाबा?

पारन: मला फिरवू नकोस. समोर परतीचा फलाट आहे, गाडी आली की मी बसणार. त्याआधी एकदाच विचारतो. टोपीची तालीम होती म्हणालीस. होती?

मार्लिना: नव्हती.

पारन: ऐक, सुपांग. मग कुठं होतीस?

मार्लिना: इस्पितळात. तपासायला बोलावलं होतं. आजचीच वेळ मिळाली, म्हणून विमानतळावर आले नाही.

पारन: गेल्या सुट्टीत?

मार्लिना: तेव्हाही इस्पितळातच होते.

पारन: बायकांच्या वॉर्डात.

मार्लिना: हो.

पारन: आणि बाहेर आलीस ती बुलान होऊन.

मार्लिना: हो, बाबा. पण तुम्हाला वाटतंय तसं नाही. मूल नाहीये.

सुपांग: गेलं का गं? अगं, सांगायचंस तरी. असं होतं बाईला, माझंही एक तुझ्या आधी—

मार्लिना: गेलं नाही, आई. आलंच नव्हतं. आणि आता यायचं पण नाही. तुम्ही बसा ना दोघं ह्या बाकावर. मला उभ्यानं सांगता येणार नाही, आणि खोलीवर मैत्रिणी आहेत, त्या रडतात. म्हणून स्टेशनात भेटू म्हटलं.

पारन: बसलो. बोल.

मार्लिना: पोटात गाठ होती. परीक्षेच्या वेळी दुखायला लागलं, मी गोळ्या घेऊन ढकललं. मग तपासलं तर ती वाईट निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या थांबता येणार नाही. पिशवी काढावी लागली. सगळीच.

सुपांग: देवा माझ्या.

मार्लिना: आता बरी आहे मी. आजही म्हणाल्या, काही शिल्लक नाही, चांगलं भरतंय. फक्त जड उचलायचं नाही अजून थोडे दिवस. आई, रडू नकोस. मला बघ, मी रडतेय का?

सुपांग: एकटीच होतीस?

मार्लिना: मैत्रिणी होत्या. पाळ्या लावल्या होत्या त्यांनी.

पारन: आम्हाला का कळवलं नाहीस? विमान काय फक्त पदवीलाच सुटतं?

मार्लिना: कसं कळवणार होते? दर रविवारी फोनवर तुम्ही तेच. शेजारचा पुन लिआन झाला, मी अजून बापच, माझं प्रमोशन कधी करतेस. हसत म्हणायचात. मी पण हसायचे. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला आणि तुम्ही परत तेच म्हणालात. तेव्हा मी म्हटलं, फोन पडलाय, चेहरा दिसत नाही. मला हसता आलं नसतं त्या दिवशी.

पारन: मी गंमत करत होतो.

मार्लिना: माहीत आहे.

सुपांग: आणि ते नाव, पोरी? नाव कुठून आलं मग?

मार्लिना: शेजारच्या खाटेवर आपल्याकडची एक म्हातारी होती, पा उमोर गावची. लेकाकडं राहायला आली आणि इथंच आजारी पडली. मी परक्यांच्यात आपल्या भाषेत कण्हले असेन, तर पडद्यामागून आवाज आला, कुणाची गं तू? त्यानंतर दिवसभर बोलायची. तिला सगळं कळलं होतं, माझं काय काढलं ते. एक दिवस म्हणाली, तुझ्यासाठी घरच्यांनी ठेवणीतलं नाव कुठलं ठेवलंय? मी सांगितलं. ती म्हणाली, ठेवणीतलं नाव फार दिवस ठेवलं तर कुजतं, आणि उठून मला बुलान म्हणूनच हाक मारली. बुलान, पाणी दे. बुलान, पडदा सरकव. मैत्रिणी यायच्या, त्या ऐकायच्या. त्यांना वाटलं हे माझं घरचं नाव. त्याही म्हणायला लागल्या.

पारन: तू थांबवलं नाहीस.

मार्लिना: नाही थांबवलं. म्हातारी गेली, त्यानंतरही नाही थांबवलं. बाबा, मला बरं वाटायचं. कुणीतरी बुलान म्हणालं की वाटायचं मी पण आपल्यातलीच आहे अजून, बाकीच्या बायकांसारखी. चोरी केली मी, मला कळतं. आजीचं नाव होतं. तुम्ही द्यायचं होतं. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, थांबायचं. पण मी कशासाठी थांबणार होते, तेच राहिलं नाही. परवा स्टेजवर मार्लिनाच वाचतील. मुलींनाही सांगते मी, की आता म्हणू नका.

(समोरच्या फलाटावर गाडी येते, थांबते, निघून जाते.)

सुपांग: गेली तुमची गाडी.

पारन: पा उमोरची म्हणालीस. कुठल्या घरातली म्हातारी?

मार्लिना: नाव विचारलं तर म्हणायची, माझी एवढी नावं झाली, कुठलं सांगू.

पारन: एका म्हातारीच्या सांगण्यानं नाव लागत नाही.

मार्लिना: माहीत आहे, बाबा.

पारन: मध्ये बोलू नकोस. एका म्हातारीनं लागत नाही. त्याला गाव बसावं लागतं. पा उमोरपर्यंत निरोप जावे लागतात. डुकरं लागतात, भात लागतो, दोन दिवस चूल विझायची नाही. नाताळात सगळे घरी असतात. तेव्हा तूही घरी ये.

सुपांग: अहो, मूल नसताना नावाची जेवणावळ? असं कधी कुणी केलंय? काय म्हणतील लोक? तो पुन लिआन काय म्हणेल?

पारन: तो जेवायला येईल. पोट भरलं की माणूस फार बोलत नाही.

सुपांग: पाद्रीबुवा विचारतील.

पारन: त्यांनाही वाढू. जो जेवायला घालतो तो नाव देतो, मी असंच बघत आलोय लहानपणापासून. मी घालणार आहे. ज्याला पटत नसेल त्यानं हात धुवावेत आणि घरी जावं.

मार्लिना: बाबा, पण तुमचं काय? आईचं काय? तुम्हाला आजोबाचं नाव कधीच मिळायचं नाही. निवडलं होतं ना?

सुपांग: झोपेत निवडायचे.

पारन: निवडलं होतं एक.

मार्लिना: कुठलं?

पारन: असू दे.

मार्लिना: ठेवणीतलं कुजतं, बाबा.

पारन: कुजू दे एखादं. पारन हे नाव तू जन्मलीस म्हणून मिळालं मला. अजून झिजलं नाही ते.

सुपांग: मला तर सुपांगच आवडतं. आजी झाल्यावरचं नाव घेतलं असतं तर म्हातारी दिसले असते.

मार्लिना: आई, तू डोळे पूस आधी. आणि ते बोचकं दे इकडं, किती आवळून धरलंयस.

सुपांग: नको, नको. मीठ आहे त्यात.

मार्लिना: मीठ एवढं मऊ?

सुपांग: तू पण बापासारखीच. सोड ते.

मार्लिना: मणी लागतायत हाताला. आई, ही माझी झोळी आहे?

सुपांग: मला वाटलं होतं गं. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच आपली वेडी. नवीन दोरा ओवला, आणि आणली उचलून. परत नेते मी ती. तू बघूच नकोस तिच्याकडं.

मार्लिना: परत कशाला नेतेस? बूट ठेवून हिला आणलंस ना? माझ्या खोलीत खिळा आहे एक भिंतीत. तिथं राहील. मी बसले होते हिच्यात, आणखी कुणी बसायलाच पाहिजे असं थोडंच आहे. दे, मी घेते. ती बघा, बस आली.

सुपांग: घे हो. हलकीच आहे.

पारन: हलकी असली तरी नको. उचलायची मनाई आहे ना तुला? इकडं दे ती, बुलान.